आधी उतार बघा

मागच्या उन्हाळ्यात भाचा मला एक सँपल फ्लॅट बघायला घेऊन गेला. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून बराच आत. भाचेसून ओट्याची उंची आणि धुण्याच्या बाल्कनीची रुंदी बघत होती. भाच्याने मला गॅलरीत नेलं, समोरची टेकडी दाखवली आणि म्हणाला, "मामा, व्ह्यू बघा!" मी टेकडी बघितली आणि विचारलं, "ओढा कुठेय?"

"कुठला ओढा?"

"टेकडी आहे म्हणजे ओढा असणार. वर पडलेलं पाणी खाली कुठून तरी जाणारच ना रे."

थोडं वाकून बघितल्यावर तो सापडला. शेजारच्या दोन इमारतींच्या मधून करंज-बाभळींची एक वाकडीतिकडी रांग खाली उतरत होती. बिल्डर झाडं लावतो ती सरळ रेषेत. वाकडी रांग दिसली की ती पाण्याने लावलेली आहे असं समजावं. ही रांग इमारतीच्या कंपाउंडपाशी येऊन एका सिमेंटच्या पाइपात शिरत होती, आणि पाइप होता जेमतेम कमरेएवढा.

गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच जणांबरोबर मी पुण्यात घरं बघत हिंडलो आहे. त्यातून माझी एक पद्धत तयार झाली. फ्लॅट शेवटी बघायचा. त्याआधी वस्ती बघायची, आणि वस्ती बघायची म्हणजे सगळ्यात आधी पाण्याचे दोन प्रश्न विचारायचे: इथे पाणी येतं कुठून, आणि इथून जातं कुठे? फरशी बदलता येते, ओटा फोडून नवा बांधता येतो, पटलं तर एक भिंतही पाडता येते. जमिनीचा उतार आणि नळाची जलवाहिनी मात्र घर घेणाऱ्याच्या हातात कधीच नसते. म्हणून मी सुरुवात तिथून करतो.

आधी जाणाऱ्या पाण्याचं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेकाठचं अर्धं पुणं पाण्याखाली गेलं. ज्यांची घरं गेली त्यांतल्या कितीतरी कुटुंबांना नदीपासून दूर, पर्वती-सहकारनगरच्या बाजूला वसवण्यात आलं. त्यानंतर पुणेकरांच्या मनात पूर म्हणजे नदीचा, असं पक्कं बसलं. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाणी आलं ते आंबिल ओढ्याचं. कात्रजच्या डोंगरात उगम पावून सहकारनगर, दांडेकर पुलाकडून मुठेला मिळणारा हा ओढा काही तासांच्या पावसात दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांत आणि वस्त्यांत घुसला. गाड्या एकमेकींवर चढल्या, भिंती पडल्या, शहर आणि आसपासच्या भागात वीसहून अधिक माणसं गेली. नदीपासून लांब घर घेतलं म्हणजे सुटलो, हा समज त्या रात्री वाहून गेला. ओढा वर्षाचे अकरा महिने गटारासारखा दिसतो, त्यामुळे घर बघायला आलेल्याला तो दिसतच नाही.

नदीच्या बाबतीत निदान नकाशावर रेघा तरी आहेत. पाटबंधारे खातं नदीच्या दोन पूररेषा आखतं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचेल ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं बांधकाम करू नये असा नियम आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळते. जोतं लाल रेषेच्या पातळीहून वर असलं पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. शहरात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेक विसर्गाच्या हिशेबाने आखली आहे आणि लाल रेषा एक लाख क्युसेकच्या.

आता हे आकडे डोक्यात ठेवून २५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या आसपास होतं, म्हणजे निळ्या रेषेच्या हिशेबापेक्षा पुष्कळ कमी. तरी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींच्या पार्किंगमधून पाणी वर चढलं आणि माणसांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. असं का होतं? धरणाच्या खाली पडलेला पाऊसही त्याच पात्रात येतो. पात्रात राडारोडा टाकून, भराव घालून, रस्ते काढून जागा कमी झालेली असते. रेषा कागदावर असते तिथेच राहते आणि पाण्याची वाट मात्र दर वर्षी अरुंद होत जाते. म्हणून "आमचा प्रोजेक्ट निळ्या रेषेच्या बाहेर आहे" हे उत्तर मिळालं तरी तिथे थांबू नका. किती बाहेर, आणि गेल्या दहा वर्षांत पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे विचारा.

विचारायचं कुणाला? बिल्डरला नाही. त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा. त्याच्या दुकानात तांदळाच्या गोणी जमिनीवर ठेवलेल्या आहेत की दोन विटांवर फळी टाकून, हे आधी बघून घ्या. शेजारच्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर रंग सोललेला आहे का, विजेचे मीटर नंतर वर सरकवल्याच्या खुणा आहेत का, लिफ्टच्या खड्ड्यात पंप बसवलेला आहे का, तेही पाहून घ्या. वॉचमन अशा गोष्टी लपवत नाही, कारण पाणी शिरलं त्या रात्री त्यानेच खुर्ची टेबलावर चढवलेली असते.

घरबसल्या करण्यासारखंही एक काम आहे. संगणकावर गूगल अर्थ उघडून त्या जागेची जुनी उपग्रह-चित्रं एकामागून एक बघा. वीस वर्षांपूर्वी तिथे शेत होतं, माळ होता, ओढ्याचं पात्र होतं की दगडखाण, हे डोळ्यांनी दिसतं. वाघोली आणि मोशीच्या बाजूला दगडखाणी आहेत हे पुणेकरांना माहीत असतं. पण बंद पडलेली खाण राडारोड्याने भरून सपाट झाली की तिथे काय होतं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. भराव टाकलेली जमीन वर्षानुवर्षं दबत राहते. पाया खाली पक्क्या खडकापर्यंत नेला आहे का, हे तिथल्या इंजिनिअरला तोंडावर विचारायला संकोच करू नका. गावचा जुना नकाशाही कामाला येतो. सर्व्हे नंबरांच्या मधून जाणारा ओढा त्यात दाखवलेला असतो, आणि आज जागेवर गेलात तर तिथे रस्ता किंवा कंपाउंडची भिंत दिसते. गावातल्या म्हाताऱ्या माणसाने त्या तुकड्याला "डबरा" किंवा "चोपण" म्हटलं तर ते शब्द सोडून देऊ नका. डबरा म्हणजे खाणीचा किंवा पाणी साठण्याचा खड्डा, चोपण म्हणजे निचरा न होणारी चिकट जमीन. शेती करणाऱ्यांनी हजारदा अनुभव घेऊन ही नावं ठेवलेली असतात.

दुसरा प्रश्न येणाऱ्या पाण्याचा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं, आणि जुन्या पुण्याला त्याची सवय आहे. नव्या पुण्याचं तसं नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, त्यांत धायरी, उंड्री, शिवणे, आंबेगाव ही होती. जून २०२१ मध्ये आणखी २३ आली: वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, पिसोळी, मांजरी बुद्रुक, वगैरे. ग्रामपंचायतीचा फलक उतरवून महापालिकेचा लावायला एक दिवस पुरतो. जलवाहिनी, टाकी, शुद्धीकरण केंद्र आणि मैलावाहिनी यांना वर्षं लागतात. आजची जाहिरात जिथे "पुणे मनपा हद्दीत" असं म्हणते, तिथे नळाला मनपाचं पाणी असेलच असं नाही.

यातला एक बारकावा बहुतेक जणांच्या नजरेतून सुटतो. जिथे पालिकेचं पाणी पुरेसं नाही तिथे परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो, की पालिकेचं पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी पुरवायची जबाबदारी माझी. पुढे सोसायटी स्थापन होते, कारभार रहिवाशांच्या हाती येतो आणि टँकरचं बिल गुपचूप मासिक वर्गणीत मिसळून जातं. त्यामुळे प्रकल्पाच्या कागदांत ते हमीपत्र आहे का बघा, आणि असेल तर बिल्डर पाणी कधीपर्यंत देणार ते करारनाम्यात लिहून घ्या.

टँकरचं गणित घरी करून बघता येतं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर चौघांच्या घराला ५४० लिटर लागतात. शंभर घरांच्या सोसायटीला रोज ५४ हजार लिटर. मोठा टँकर १० हजार लिटरचा. नळाला थेंबही आला नाही तर दिवसाला जवळजवळ साडेपाच टँकर, महिन्याला दीडशेच्या वर. जुनी सोसायटी असेल तर सेक्रेटरीकडे मागच्या वर्षीचा जमाखर्च मागा आणि मार्च ते जून या चार महिन्यांचा टँकरचा आकडा वेगळा काढून घ्या. बोअर असेल तर किती फुटांवर आहे ते विचारा. पुण्याखालच्या काळ्या दगडात पाणी भेगांमध्येच असतं. शेजारी-शेजारी पाच सोसायट्यांनी बोअर घेतली की सगळ्यांचीच पातळी खाली जाते.

पाणी येतं एवढ्यावर समाधान मानू नये, ते कसं येतं तेही बघावं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले आणि सगळ्यांच्या नजरा तिथल्या पाण्याकडे वळल्या. नांदेड गावच्या विहिरीतलं पाणी नुसतं क्लोरिन टाकून पुढे जात होतं. हातापायांतली ताकद जाऊन माणसं व्हेंटिलेटरवर गेली. त्या भागात राहणाऱ्यांची यात काही चूक नव्हती. त्यांनी घर घेताना हा प्रश्न विचारला असता तरी तेव्हा त्यांना सरळ उत्तर कुणी दिलं असतं असं मला वाटत नाही. पण आज घर घेणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे: हे पाणी कुठल्या शुद्धीकरण केंद्रातून येतं? आणि सोबत दुसरा: सोसायटीचा मैला कुठे जातो? स्वतःचं सांडपाणी केंद्र असेल तर ते चालू आहे का, हे कळायला नाक पुरेसं असतं. संध्याकाळी सातनंतर, वारा पडलेला असताना, ओढ्याच्या पुलावर पाच मिनिटं उभे राहा.

वासावरून कचराही आठवला. उरुळी देवाची इथल्या कचरा डेपोमुळे फुरसुंगी-मंतरवाडीच्या लोकांनी किती वर्षं काय सोसलं ते त्यांनी आंदोलनं करून सांगितलं आहे. पुण्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि थंडीत बराचसा पूर्वेकडून. डेपो, वीटभट्टी, पोल्ट्री किंवा खडी-क्रशर घराच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर वर्षातल्या कुठल्या महिन्यात खिडक्या बंद ठेवाव्या लागणार ते ठरतं. एकदा एप्रिलमध्ये बघितलेली जागा एकदा डिसेंबरात बघावी, ती एवढ्यासाठी.

पाण्यानंतर मी रस्त्याकडे वळतो, आणि इथे माझं सांगणं एकच आहे: पायाखाली जो आहे तोच रस्ता धरायचा. विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता रंगीत रेघ असतो. १९८७ च्या आराखड्यात पुण्यात एक वर्तुळाकार मार्ग दाखवला होता, एचसीएमटीआर नावाचा. त्या रेघेच्या भरवशावर घर घेणाऱ्यांची मुलं मोठी झाली, मार्ग अजून रेघच आहे. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंद व्हायचा होता, भूसंपादनाचे पैसे जुळेनात म्हणून तो ५० मीटरवर आणावा लागला, आणि तेवढ्यासाठीही लोकांना वर्षानुवर्षं खड्ड्यांतून आणि ट्रकमधून वाट काढावी लागली. विमानतळाचं तेच. आधी चाकण-राजगुरुनगरच्या बाजूला होणार म्हणून तिथल्या जमिनींना भाव आले, मग २०१६ मध्ये पुरंदरचं नाव पुढे आलं आणि भाव तिकडे सरकले. मेट्रोचं मात्र मान्य करायला हवं. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय हा पहिला टप्पा सुरू झाला, सप्टेंबर २०२४ पर्यंत गाडी भुयारातून स्वारगेटला पोचली. तरीही माझा नियम तोच. स्टेशनवर माणसं चढता-उतरताना दिसली की त्याचे पैसे द्यावेत, खांब उभे राहताना दिसले म्हणून नाही.

आराखड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. तुमच्या खिडकीसमोरची मोकळी जागा कशासाठी ठेवली आहे ते त्यातून कळतं. महापालिकेकडून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढता येतो. सेल्समन ज्याला "समोर कायम मोकळं राहणार" म्हणतो ती जागा रहिवासी विभागात असेल तर तिथे उद्या बावीस मजले उभे राहतील. तिथे उद्यानाचं आरक्षण असेल तर आनंद आहे, पण ठरावीक वर्षांत पालिकेने जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवू शकतो, हेही कायद्यात आहे. टेकडीची बाजू असेल तर जरा विसावा मिळतो, कारण एकास पाचापेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला बंदी आहे. आणि मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत घर घेत असाल तर तिथे चारपर्यंत एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, मिळू शकतो, म्हणजे आजच्या तीन मजली शांत गल्लीत पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उंच इमारती येणार. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या जुन्या भागांत पुनर्विकासाने ते सुरूच झालं आहे. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही. पण नळाची वाहिनी आणि गल्लीची रुंदी तीच राहून घरं चौपट होतील तेव्हा काय होईल, याचा अंदाज आधी बांधलेला बरा.

आराखड्याबरोबर हद्दही बघा. रस्त्याची एक बाजू महापालिकेत, दुसरी महानगर प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) ताब्यात आणि पुढचा चौक पिंपरी-चिंचवडकडे, अशी पुण्याच्या कडेला पुष्कळ ठिकाणं आहेत. हिंजवडीत देशातल्या मोठमोठ्या आयटी कंपन्या आल्या तरी गाव दोन दशकांहून जास्त काळ ग्रामपंचायतीतच राहिलं. खड्डा कुणी बुजवायचा, दिवा कुणी लावायचा, पावसाचं पाणी कुणाच्या गटारात सोडायचं, यावर तीन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि सोसायटीचा सेक्रेटरी या चकरांत म्हातारा होतो. एखाद्या भागाला पाणी देणारा, रस्ता बांधणारा आणि कचरा उचलणारा एकच असणं, ही मला जलतरण तलावापेक्षा मोठी सोय वाटते. तिथे रोज सकाळी 'स्वच्छ'च्या ताई कचरा घ्यायला येतात का, हे विचारलं तरी अर्धं चित्र कळतं.

येण्याजाण्याच्या वेळेबद्दल लोक स्वतःला फसवतात. रविवारी सकाळी अकराला साइटवर जातात आणि "ऑफिसपासून पंचवीस मिनिटं" असं मनात धरतात. सोमवारी सकाळी नऊला निघून बघा. जुलैच्या पावसात संध्याकाळी साडेसहाला भूमकर चौकातून या. एका बाजूला एक तास लागला तर महिन्याचे २२ दिवस धरून वर्षाला ५२८ तास होतात, म्हणजे दिवस-रात्र मिळून अख्खे बावीस दिवस रस्त्यावर. नवरा हिंजवडीला आणि बायको खराडीला अशी जोडपी पुण्यात घरोघरी आहेत. दोन्ही ठिकाणांत पंचवीसेक किलोमीटरचं अंतर, आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्या ऑफिसजवळ घर घेतलं जातं. मूल झालं की दोन तासांचा प्रवास करणारी आईच नोकरी सोडते, हे मी दोन घरांत बघितलं आहे. अशा वेळी औंध-शिवाजीनगरच्या मधल्या पट्ट्यात एक खोली कमी असलेलं जुनं घर दोघांना पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकऱ्या दर चार वर्षांनी बदलतात, म्हणून आजच्या एका ऑफिसच्या दारात घर घेण्यापेक्षा दोन-तीन दिशांना जाता येईल अशी जागा बरी.

शाळा, दवाखाना, मंडई यांचं फार सांगत बसत नाही, कारण ते सगळेच बघतात. एवढंच सुचवतो की नकाशावर न बघता चालत जाऊन बघा, आणि सोबत सत्तरीचं कुणीतरी न्या. जिथे आईला भाजी आणायला रिक्षा करावी लागते ती वस्ती तिच्यासाठी तुरुंग होते. फुटपाथ सलग आहे का, रस्ता ओलांडायला जागा आहे का, बाकडं आहे का, हे तिच्या चालीने चाललं की दिसतं.

आणि माणसं. काही सोसायट्यांत खाणं, धर्म, जात किंवा एकटी बाई राहते हे बघून दार बंद होतं, आणि ते तोंडावर कुणी सांगत नाही. "फ्लॅट आत्ताच गेला" एवढंच कानावर येतं. अशा ठिकाणी तुम्हाला प्रवेश मिळत असला तरी तिथे मुलं वाढवायची का, हा विचार मला महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात कामवाल्या मावशींशी लोक कसं बोलतात, त्यांना लिफ्ट वापरू देतात का, हे तासभर बसून बघितलं की वस्तीचा स्वभाव कळतो. इस्त्रीवाला, दूधवाला आणि औषधाचं दुकान ही तीन ठिकाणं मी कधी चुकवत नाही. इस्त्रीवाल्याला कोण घर सोडून चाललंय ते आधी कळतं, आणि का सोडतंय तेही.

वस्ती पसंत पडली की मग पैसे आणि कागद. मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या सर्व्हे नंबरचे नोंदवलेले दस्त शोधता येतात. गेल्या दोन वर्षांत त्याच इमारतीत किंवा शेजारी घरं प्रत्यक्षात किती रुपयांना विकली गेली ते सूची क्रमांक दोनवर असतं, आणि तो आकडा जाहिरातीतल्या भावापेक्षा खरा असतो. दर एप्रिलला येणारा रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, त्याच्या शेजारी ठेवून बघा. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के, आणि घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. नोंदणी फी जास्तीत जास्त तीस हजार. म्हणजे ८० लाखांच्या घरावर पाच लाख साठ हजार नुसत्या शुल्काचे, हे बजेटमध्ये आधीच धरा. नव्या बांधकामाचा नोंदणी क्रमांक घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर जा. तिथे मंजूर नकाशा, पूर्ण होण्याची तारीख, चालू खटले आणि किती घरं विकली गेली हे सगळं मिळतं. करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा कायदा आहे. "ऑफर आज रात्रीपर्यंतच" असं ऐकू आलं की मी भाच्याचा हात धरून बाहेर येतो. जुन्या घराच्या बाबतीत भोगवटा प्रमाणपत्र आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त, या दोन कागदांशिवाय टोकन देऊ नये.

या सगळ्यानंतरही एक उपाय मला सगळ्यात खात्रीचा वाटतो, आणि लोक तोच टाळतात. ज्या वस्तीत घर घ्यायचं तिथे आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहायचं. शक्यतो मे महिन्यात जायचं, म्हणजे उन्हाळ्याचा शेवट आणि अख्खा पावसाळा बघून होतो. भाड्याचे पैसे वाया जातात असं म्हणतात. पण वीस वर्षांच्या कर्जापुढे अकरा महिन्यांचं भाडं ही तपासणीची फी आहे.

भाच्याने हे ऐकलं. त्या इमारतीपासून दोन गल्ल्या खाली त्यांना एक घर भाड्याने मिळालं. मे महिन्यात सोसायटीत दिवसाआड दोन टँकर येत होते. जुलैच्या एका रात्री दोनला त्याचा फोन आला. कमरेएवढ्या पाइपाच्या तोंडाशी झाडाच्या फांद्या आणि प्लास्टिक अडकून ओढा कंपाउंडवरून आला होता आणि त्याची स्कूटर सीटपर्यंत बुडाली होती. वरच्या अंगाला, चढावर असलेल्या एका पंचवीस वर्षं जुन्या सोसायटीचं पार्किंग त्या रात्री कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी भाचेसून तिथल्या वॉचमनला भेटून आली. नळाला सकाळी दीड तास पाणी येतं, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी मुलाकडे बंगळुरूला जायच्या म्हणतात, एवढी माहिती तिने आणली. ओट्याची उंची तिने अजून बघितलेली नाही.